पडद्यावर आलेली पत्रं

कोआतेपेक,
१५ जानेवारी १९५१

प्रिय कूका,

नाताळात पाठवलेली शाल मिळाली. रंग चांगला आहे, लोकर टोचते. आता कामाचं बोलते.

काल रविवारी दुपारी औषधवाले अन्सेल्मो मला सिनेमाला घेऊन गेले. सोबत त्यांची एलोइसामावशी. चर्चच्या दारावर पाद्रीबाबा सिनेमांची यादी लावतात, तिच्यात 'एका नवरीच्या दोन खिडक्या'पुढे 'मोठ्यांनी पाहायला हरकत नाही' असं लिहिलं होतं, म्हणून मावशी तयार झाल्या. मध्ये त्या, अलीकडे मी, पलीकडे ते. तुझ्याच स्टुडिओतला सिनेमा, म्हणून मी घरून निघतानाच सगळ्यांना सांगत होते की माझी चुलत बहीण तिथं टाइपिस्ट आहे.

अर्धा सिनेमा बरा गेला. ती टोप्या विकणारी बाई, तिचे दोन उमेदवार, एक पुढच्या खिडकीशी, एक मागच्या. मग ती बाई शाईत टाक बुडवते आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागते: "माझ्या खिडकीच्या गजांना विचारा, त्यांना आता माझ्यापेक्षा तुमच्या हातांची जास्त सवय झाली आहे."

कूका, हे वाक्य मी एवारिस्तोला लिहिलेलं आहे. एकेचाळीस साली, माझ्या हातानं, माझ्या सहीनं. सगळं थिएटर खदाखदा हसत होतं, कारण मागच्या खिडकीतला जाड्या तेव्हाच गजात अडकतो. अन्सेल्मोसुद्धा हसले. मग रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "हे मी कुठंतरी ऐकलंय."

तुला ठाऊक आहे, इस्टर झाला की एक एप्रिलला ते मावशीला आणि पाद्रीबाबांना घेऊन मला मागणी घालायला येणार आहेत. मी बत्तीस वर्षांची आहे. पुन्हा कोणी येणार नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी यावं असं मला वाटतही नाही. आणि लोकांना आवडला म्हणून तो सिनेमा इस्टरला परत लावणार आहेत.

एवारिस्तोनं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा रिवाजाप्रमाणे माझी पत्रं परत केली. ते गाठोडं त्याच्याकडून तू आणलंस. मी ते न उघडता चुलीत घातलं, कारण उघडून मोजत बसणं शोभत नाही. आता माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. तू ते वाटेत उघडलं होतंस का?

सरळ उत्तर दे.

तेंचा


मेक्सिको शहर,
२४ जानेवारी

प्रिय तेंचा,

सिनेमा पाहून बायका स्टुडिओला पत्रं पाठवतात की ही माझीच गोष्ट आहे. पुएब्लातल्या एका बाईनं तर तो जाड्या आपला नवरा असल्याचं कळवलं होतं, आणि त्याला घरी पाठवा म्हणून. तू त्यांच्यातली होशील असं वाटलं नव्हतं.

अगं, खिडकीचे गज काय तुझ्या एकटीच्या घराला आहेत? या देशात ज्यानं म्हणून प्रेम केलंय त्यानं गजांतून केलंय. गज, कॉफीचा बहर, दार लावून एकटीनं वाचलेलं पत्र, ही सगळी वाक्यं बाजारात ढिगानं मिळतात. मी फक्त टाइप करते. श्रेयनामावलीत दोन पुरुषांची नावं आहेत, त्यांना विचार. एक सकाळी अकराच्या आत शुद्धीवर नसतो आणि दुसरा अकरानंतर.

गाठोडं मी उघडलं नाही. आईची शपथ.

अन्सेल्मो हसले ही चांगली गोष्ट आहे. औषधवाला माणूस, हसायला शिकतोय. तू निवांत मागणीची तयारी कर. लोकरीच्या आत सुती काही घाल, म्हणजे टोचणार नाही.

तुझी,
कूका


कोआतेपेक,
२ फेब्रुवारी

कूका,

तीन राजांच्या सणाच्या पावात लपवलेली बाहुली यंदा माझ्या तुकड्यात निघाली, म्हणून आज अख्ख्या आळीला मक्याचे तामाले खाऊ घालायची पाळी माझी होती. चौऱ्याण्णव तामाले वाफवताना एकच विचार करत होते. तोच लिहिते.

मी तुला एकच वाक्य कळवलं होतं. गजांचं. कॉफीच्या बहराचं मी लिहिलं नव्हतं. दार लावून पत्र वाचण्याचंही नाही. पण तीही दोन्ही माझ्याच पत्रांतली आहेत आणि तीही सिनेमात आहेत. सिनेमात शंभर वाक्यं असतील. त्यातली नेमकी माझी कोणती, हे तुला न सांगता कसं कळलं? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

गाठोड्याला फीत कोणत्या रंगाची होती ते सांग. न उघडता आणलंस म्हणतेस, म्हणजे वरची फीत तरी दिसली असेल.

काल अन्सेल्मो माझ्या दुकानात आले होते. बटणं नको होती, दोरा नको होता. टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "त्या सिनेमातलं गाव आपल्यासारखंच आहे, नाही का? कॉफी फुलल्याचा वास राजधानीतल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?" मी म्हटलं, "राजधानीत सगळंच विकत मिळतं." ते माझ्याकडे बघत राहिले. मी कात्री खाली पाडली. त्यांना संशय आलाय, कूका. माणूस अबोल आहे, पण दहा वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचतोय, त्याला न लिहिलेलंही वाचता येतं.

मी दुसऱ्या पुरुषाला पत्रं लिहिली हे एक वेळ त्यांना चालेल. माझं लग्न ठरून मोडलं हे गावाला माहीतच आहे. पण त्या पत्रांवर अख्खा देश तिकीट काढून हसतोय, आणि ती बाई म्हणजे आपली होणारी बायको, हे कोणत्या पुरुषाला चालेल? इस्टरच्या आत ती वाक्यं सिनेमातून काढून टाकायला लाव.

तेंचा


मेक्सिको शहर,
१२ फेब्रुवारी

तेंचा,

फीत हिरवी होती. आत काय होतं ते मला उघडून पाहायची गरज नव्हती. ती पत्रं कोणी रचली होती?

नऊ वर्षं झाली म्हणून विसरलीस की काय? मी तुझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून सांगायचे आणि तू लिहून घ्यायचीस. तू म्हणायचीस, "लिहिते, मी बरी आहे, पाऊस फार आहे." मी म्हणायचे, "अगं, नवऱ्याला लिहितेस की हवामानखात्याला?" गज माझे होते. कॉफीचा बहर माझा होता. तुझी फक्त सही होती आणि दर ओळीत एक शाईचा डाग.

माझ्याच वस्तूची चोरी मी कशी करणार? त्या दिवशी शूटिंग अडलं होतं. नायिका तयार होऊन बसली होती आणि तिच्या हातातल्या कागदावर काही नव्हतं. अकरावाले दोघेही निरुपयोगी. मी अर्ध्या तासात तीन पत्रं टाइप करून दिली. दिग्दर्शक म्हणाला, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "तुम्हीच काल बोलला होतात, साहेब." तो म्हणाला, "असेल." अशी माझी नोकरी चालते. माझं नाव कुठं येत नाही, तरी शिव्या मात्र मलाच.

वाक्यं काढता येत नाहीत. सिनेमाच्या फिती देशभर गेल्या आहेत.

आणि एवढी विचारतेसच तर हेही ऐक. गाठोडं देताना एवारिस्तो माझ्याजवळ काय म्हणाला ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू धरून चाललीस की बेराक्रूसमध्ये त्याची दुसरी कोणी आहे. कोणी नव्हती. तो म्हणाला, "पत्रातली बाई मला हवी होती. खिडकीशी येते ती मला दोऱ्याचे भाव सांगते."

आता झालं समाधान?

कूका


मेक्सिको शहर,
२० फेब्रुवारी

तेंचा,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि लगेच पेटीत हात घालून पाहिलं. हात मनगटापर्यंतच जातो. ते शेवटचं लिहायला नको होतं. उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

कूका


कोआतेपेक,
९ मार्च

कूका,

पाच आठवडे लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. पूर्वी तुला विचारलं असतं.

मी विसरले नव्हते. पण तू सांगितलेलं मी माझ्या हातानं उतरवलं, रात्री पुन्हा वाचलं, सही केली, पाठवलं, आणि उत्तर मलाच आलं. एवढं केल्यावर माणसाला आपलंच वाटतं. दत्तक घेतलेल्या मुलाला रोज उठून कोणी तू परका आहेस म्हणत नाही. नऊ वर्षं मी मनाशी म्हणत आले की लग्न मोडलं तर मोडलं, पण तसलं लिहिणारी एक बाई माझ्यात होती. तेही गेलं.

ते असो. तुला विचारायचं ते वेगळंच आहे. चुलत बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याला असली पत्रं कोणी फुकट रचत नाही. मी मान खाली घालून उतरवत असायचे आणि तू डोळे मिटून सांगायचीस. मी तेव्हा तुझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आता आठवून पाहते आहे. तू त्याच्यावर जीव टाकत होतीस का? आणि त्यानं ते खिडकीचं बोलणं तुला सांगितलं, ते फक्त निरोप म्हणून, की आणखी काही म्हणून?

अन्सेल्मोंना दोनदा परत पाठवलं. ताप आहे असं मावशींना कळवलं. अन्सेल्मोंनी औषध पाठवलं, बाटलीवर चिठ्ठी: "दिवसातून तीन वेळा. ताप नसेल तरी चालतं." हा विनोद आहे की टोमणा, मला कळत नाही. तुला कळत असेल तर सांगू नकोस.

मागणी मोडावी असं मनात येतं. पत्रं रचलेली, सही माझी, आणि आता या माणसालाही मी नक्की कोण म्हणून आवडते कोणास ठाऊक. एकाला खिडकीतली पटली नाही, दुसऱ्याला तरी का पटावी?

तेंचा


मेक्सिको शहर,
१६ मार्च

प्रिय तेंचा,

खरं सांगते, एकदाच. एवारिस्तोवर नाही. त्याच्या वाचण्यावर. आपण रचलेलं कोणी मन लावून वाचतंय, एकेक वाक्य जपून ठेवतंय, असं मला वाटायचं. आपल्या घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. आई म्हणायची, हिची जीभ कापून कोंबडीला घाला. आणि इथं एक शिकलेला माणूस उत्तरात माझंच वाक्य परत लिहून पाठवायचा. त्या वयात तेवढं पुरतं. त्यानं माझा हात कधी धरला नाही. धरला असता तर काय केलं असतं, ते मला विचारू नकोस.

खिडकीचं बोलणं मी लपवलं, कारण त्यात दोष माझा होता. मी तुला अशा भाषेत बोलकी केली की खरी तू त्याला मुकी वाटलीस.

आता ऐक. मागणी मोडू नकोस. मी एक एप्रिलला येते. आपल्याकडे उत्तर द्यायला वडीलधारं कोणी राहिलेलं नाही. मुलीनं तर तोंड उघडायचंच नसतं. मी घरची म्हणून बसेन आणि मी बोलेन. दोन वाक्यं तयार केली आहेत, ऐकून पाद्रीबाबा रडतील. आणि अन्सेल्मोंना आधी बाजूला घेऊन सांगेन की पत्रं सगळी माझी, हिचा त्यात संबंध नाही. सगळं माझ्यावर येऊ दे.

तुझी,
कूका


कोआतेपेक,
२७ मार्च

प्रिय कूका,

तू यायच्या आत हे पोचावं म्हणून सकाळच्या बसवाल्याकडे देते आहे.

रविवारी, इस्टरला, मी सिनेमाला गेले. अन्सेल्मोंनी बोलावलं आणि मी हो म्हटलं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं ठरवून गेले. एलोइसामावशींनी सणाचं कोंबडीचं मोले भरपूर खाल्लं होतं, त्या दिवे जायच्या आत घोरायला लागल्या.

ते गजांचं दृश्य आलं. लोक हसले. ते हसले नाहीत. मी मावशींच्या डोक्यावरून वाकून म्हटलं, "हे वाक्य माझ्या सहीनं गेलं होतं. एवारिस्तोला."

ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"लिहिलंत तेव्हापासून."

कूका, एवारिस्तो ती पत्रं वाचून दाखवायचा. गुरुवारी पुरुष डोमिनो खेळायला बसत, त्यांच्यासमोर. सहा जण. पुढच्या पत्रात मी काय लिहीन यावर पैजा लागायच्या. आणि तो उत्तरात जी तुझी वाक्यं परत पाठवायचा, ती त्यातल्या कोणाला कोणती आवडली ते विचारून.

हे तुला कळवावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. तू त्याचं एक वाक्य माझ्यापासून नऊ वर्षं लपवलंस. मला तुझ्याशी तसं वागायचं नाही, म्हणून लिहिलं. खाली बसून वाचत असशील अशी आशा आहे. मी ते ऐकलं तेव्हा आधी तुझंच वाईट वाटलं, माझं नंतर.

दोन महिने मी जीव मुठीत धरून होते की गावाला कळेल. गावाच्या निम्म्या पुरुषांना नऊ वर्षांपूर्वीच कळलं होतं. ते माझ्याकडून बायकांसाठी फिती घेऊन जात होते आणि टोपी काढून नमस्कार करत होते.

मी विचारलं, "मग जानेवारीत हसलात का? कुठंतरी ऐकलंय म्हणालात ते?"

"तुम्ही आपणहून सांगता का ते पाहत होतो. नंतर वाटलं, मी सांगायला हवं. मग सांगायचं राहून गेलं."

"किती गुरुवार वाचलं त्यानं?"

"अकरा."

"तुम्ही कितव्या गुरुवारी उठून गेलात?"

पडद्यावर तो जाड्या एकदाचा गजातून सुटला. मग ते म्हणाले, "उठून कुठं जाणार? खोली माझीच होती. औषधाच्या दुकानामागची."

मी उठायला लागले, पण मधे मावशी. त्या जाग्या झाल्या असत्या तर सगळं थिएटर जागं झालं असतं. म्हणून बसले. तेव्हा त्यांनी बाकीचं सांगितलं, तुटक तुटक, औषधाच्या चिठ्ठीसारखं. म्हणाले, "ती पत्रं मला कधी आवडली नाहीत. फार गोड होती. असल्या बाईशी आपल्याला बोलता येणार नाही असं वाटायचं. मग पंचेचाळीस साली कोटाला बटण घ्यायला आलो. तुम्ही कोट हातात घेतलात आणि म्हणालात, याला बटण नको, याला पुरायला पाहिजे. मी घरी जाईपर्यंत हसत होतो. तेव्हा कळलं, पत्रं तुमची नव्हती."

मला तो कोट आठवतो. पुरण्याच्याच लायकीचा होता.

घरी आले, दार लावलं आणि रडले. रागानं की कशानं, ते नक्की सांगता येत नाही. हा पहिला माणूस ज्याला खिडकीतली तेंचा पुरते. आणि हाच तो माणूस ज्यानं अकरा गुरुवार दार उघडून दिलं. दोन्ही खरं आहे, एकानं दुसरं पुसलं जात नाही.

तर आता ऐक. रविवारी ये. घरची म्हणून माझ्या शेजारी खुर्चीत बस. ती दोन वाक्यं तिकडंच ठेवून ये, पाद्रीबाबांना दुसऱ्या कशावर तरी रडू दे. अन्सेल्मोंना बाजूला घेऊन काही सांगायची गरज नाही. मुलीनं बोलायचं नसतं हे मला ठाऊक आहे. मी बत्तीस वर्षांची आहे, मला मुलगी कोण म्हणतंय?

पाद्रीबाबा विचारतील तेव्हा मी उभी राहीन आणि अन्सेल्मोंना सगळ्यांसमोर, त्यांच्या मावशीसमोर, एकच गोष्ट विचारीन: अकरा गुरुवार दार का उघडलंत? अंधारात माझ्या कानात सांगितलेलं मला पुरत नाही. त्या सहांनी उजेडात ऐकलं होतं, हेही उजेडात व्हायला हवं. ते लाजून खाली बघतील, किंवा टोपी उचलून निघून जातील, किंवा मावशी त्यांना ओढून नेतील. मग मी पुन्हा दोरे विकत बसेन, आणि या वेळी मोडलेलं खरोखर माझं असेल.

पण त्यांनी तिथं खरं सांगितलं, अडखळत का होईना, तर मी हो म्हणेन. मला ते हवे आहेत, कूका. फार हवे आहेत. तरी आधी विचारणारच.

तुझी,
तेंचा